दुखावलेल्या भावनांचा पंचनामा कोण करणार?

महापुरुषांच्या अवमानाविरुद्ध स्वतंत्र, कडक आणि अजामीनपात्र शिक्षेचा कायदा करावा, अशी मागणी २०२५ साली महाराष्ट्रात मोठ्या जोराने पुढे आली. सत्तेच्या आसपास वावरणाऱ्यांनी ती करावी यात नवल नाही. शिक्षा वाढवण्याची हौस कोणत्याही सत्तेला असतेच. नवल याचे वाटते की आपल्या बाजूच्याही अनेक कार्यकर्त्यांना ही मागणी गोड वाटू लागली आहे. फुले, शाहू, आंबेडकर यांच्याविषयी कोणी हलकट भाषा वापरली की आपलेही कार्यकर्ते प्रथम पोलीस ठाण्याची वाट धरतात. निवेदन दिले जाते, छायाचित्र काढले जाते, ‘गुन्हा दाखल झालाच पाहिजे’ अशी घोषणा होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. विचारांची लढाई फौजदाराच्या हवाली करून आपण निश्चिंत मनाने घरी परततो. या सवयीला वेळीच आवर घातला नाही तर जे हत्यार आपण धार लावून देत आहोत ते उद्या आपल्याच मानेवर येणार आहे. नव्हे, ते आजही तेथेच आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. शब्दाने माणूस दुखावतो. अपमानाची जखम काठीच्या जखमेपेक्षा खोल जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खाल्लेल्या समाजाला सांगावे लागत नाही. ‘शब्दच तर आहेत, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असा शहाजोग सल्ला ज्यांना कधीच कोणी हीन शब्दाने हाक मारली नाही तेच देऊ शकतात. तेव्हा दुखावणारे बोलणे निरुपद्रवी असते असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दुखावणे हा दोष आहे हे मान्य. पण तो तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा आहे काय? आणि तो गुन्हा ठरवायचा असेल तर दुखावलेल्या भावनेचे मोजमाप कोणत्या तराजूत करायचे? चोरी झाली की गेलेला माल दाखवता येतो. मारहाण झाली की वळ दाखवता येतो. भावनेचा पंचनामा कोण करणार? दुखावलेला मनुष्य स्वतःच फिर्यादी, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच पुरावा, असा हा विलक्षण गुन्हा आहे. अशा गुन्ह्यात ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या मागे जमाव मोठा, त्याचीच भावना कायद्याला मोठी दिसते.

हा कायदा आला कोठून?

ज्या कलमांचा हा सारा खेळ आहे त्यांची जन्मकुंडली एकदा तपासून पाहावी. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेचा मूळ मसुदा मेकॉलेच्या देखरेखीखाली तयार झाला. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणारे शब्द उच्चारणे हा तेथेच गुन्हा ठरला. येथली प्रजा हळव्या मनाची, चटकन भडकणारी, म्हणून तिला एकमेकांपासून सांभाळणारा गोरा पंतोजी हवा, हे त्यामागचे गृहीत होते. पुढे १८९८ साली १५३ अ हे कलम आले : निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढवण्याचा गुन्हा. आदल्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळचा वारा कळतो. आणि हे कलम लागले कोणाला? १९०८ साली ‘केसरी’तील अग्रलेखांबद्दल टिळकांवर जो खटला झाला त्यात राजद्रोहाबरोबर १५३ अ हेही कलम होते. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवून तिचा निषेध केला. एका संपादकाच्या शब्दांसाठी कामगार रस्त्यावर आला होता. आज त्याच कलमाखाली दुसऱ्याला आत टाका म्हणून आपण मोर्चे काढावेत, यापरता दैवदुर्विलास तो कोणता?

तिसरे कलम २९५ अ. ‘रंगीला रसूल’ या चोपड्याचा प्रकाशक राजपाल याला लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ साली निर्दोष सोडले. त्यावर प्रक्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी सरकारने धार्मिक भावना दुखावण्याविरुद्ध हे नवे कलम मध्यवर्ती विधिमंडळातून संमत करून घेतले. तेव्हाही शहाण्या माणसांना धोका दिसत होता. विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीने, समाजसुधारक सद्भावनेने धर्मावर टीका करतो तेव्हा तो या जाळ्यात सापडू नये, म्हणून ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ ही अट घातली. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला संरक्षण राहिले पाहिजे, असे त्या चर्चेत सांगणाऱ्यांत महंमद अली जीनाही होते. कायदा झाला, भावना शांत झाल्या काय? १९२९ साली राजपालचा भर दुकानात खून झाला. कायद्याने त्याला वाचवले नाही. उलट, भावना दुखावणे हा राज्यसंस्थेच्या लेखीही गुन्हा आहे, एवढे मात्र मारेकऱ्याला आगाऊ सांगून ठेवले.

आणि त्याच १९२७ साली, डिसेंबरच्या २५ तारखेला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मनुस्मृतीची होळी केली. लक्षावधी सनातन्यांच्या भावना त्या ज्वाळांनी होरपळल्या नसतील काय? एका बाजूला भावना जपणारे कलम जन्माला येत होते, आणि दुसऱ्या बाजूला भावना दुखावल्यावाचून माणुसकीची वाट मोकळी होत नाही हे एक महापुरुष कृतीने दाखवून देत होता. आपली बाजू कोणती, हे ठरवायला एवढे एक वर्ष पुरेसे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. गुलामीच्या खुणा पुसल्याचा डांगोरा पिटला गेला. पण १५३ अ आता १९६ झाले, २९५ अ आता २९९ झाले, एवढाच काय तो फरक. तीन वर्षांपर्यंत कैद तीच, दखलपात्र तेच, अजामीनपात्र तेच. पाटी बदलली, दुकान जुनेच आहे.

जाळ्यात कोण सापडते?

कायद्याची परीक्षा त्याच्या उद्देशाने होत नाही. तो कोणाच्या अंगावर जातो त्यावरून होते. गेल्या काही वर्षांतला महाराष्ट्राचाच अनुभव घेऊ.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि पिढ्यांच्या विद्याव्यासंगाची नासधूस झाली. निमित्त जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. त्या पुस्तकातील मजकूर आक्षेपार्ह होता, असे मानणाऱ्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण ‘आक्षेप’ याचा अर्थ ग्रंथालय फोडणे नव्हे. राज्यसंस्थेने काय केले? हल्ल्यानंतर चारच दिवसांनी लेखक आणि प्रकाशक यांच्यावर १५३ अ खाली गुन्हा नोंदवला, आणि मग पुस्तकावर बंदी घातली. तेव्हाचे सरकार स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षांचे होते. पुढे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फौजदारी खटला रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उठवलेली बंदी २०१० साली सर्वोच्च न्यायालयात कायमची उठली. पण सहा वर्षे जमावाचे म्हणणे हाच कायदा होता.

२०१२ साली मुंबईतील एका चर्चमध्ये क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले आणि सांगितले, की तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे. एवढ्या पदार्थविज्ञानाबद्दल त्यांच्यावर भावना दुखावल्याच्या फिर्यादी झाल्या, आणि देश सोडून त्यांना फिनलंड गाठावे लागले. म्हणजे दुखावणे हा एकाच धर्माचा रोग आहे असे कोणी समजू नये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना पसंती दिली म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. जमावाने मोडतोड केली ती निराळीच. त्या वेळी लावलेले माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरवले. पंढरपुरात जन्मलेला मकबूल फिदा हुसेन हा चित्रकार खटल्यांच्या माऱ्याखाली २००६ साली देशाबाहेर गेला, कतारचा नागरिक झाला, आणि २०११ साली लंडनमध्ये मेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली त्याच्या बाजूने निकाल दिला होता. पण निकाल मिळाला तरी माणूस परत मिळाला नाही.

आपल्या कामगार चळवळीच्या अंगणातलेही उदाहरण आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरील कविता बँक कर्मचारी संघटनेच्या मुखपत्राने १९९४ साली छापली. खटला अश्लीलतेचा होता. पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना असे तत्त्व मांडले, की ऐतिहासिक आदरणीय पुरुषाच्या तोंडी असे शब्द घातले तर त्यांची कसोटी अधिक कडक होते. म्हणजे ‘महापुरुषांचा अवमान’ ही कल्पना कायदा न करताही न्यायालयाच्या दारातून आत शिरली आहेच. संपादकाने माफी मागितली होती म्हणून तो सुटला. कवीच्या मानेवर मात्र एकवीस वर्षांनंतरही खटला तसाच लटकत राहिला. शिक्षा होण्याची गरज काय? खटला हीच शिक्षा असते.

आणि अगदी अलीकडचे पाहायचे तर मार्च २०२५. त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांच्यावर कुणाल कामरा या विनोदकाराने विडंबनगीत म्हटले. अनुयायांनी कार्यक्रमाची जागा फोडली. पकडलेल्यांना तत्काळ जामीन मिळाला. महापालिकेने त्याच जागेवर हातोडा चालवला. आणि विनोदकारावर गुन्हा नोंदवला गेला. भावना दुखावल्याची भाषा देवापासून निघाली, महापुरुषांपर्यंत आली, आणि आता ती विद्यमान मंत्र्यांपर्यंत पोहोचली आहे. हा उताराचा रस्ता आहे. त्यावर मध्येच थांबता येत नाही.

जाळ्यातून कोण सुटते?

‘पण शब्दांनीच दंगली पेटतात, मग शब्दांना मोकाट सोडायचे काय?’ असा सवाल आपले मित्र करतात. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या रक्ताने लिहिले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्या दिवसांत ‘सामना’तून काय छापले जात होते, ते सर्वांनी वाचले होते. १५३ अ त्या वेळी होते काय? होते, चांगले पंचाण्णव वर्षांचे होते. वापरले गेले काय? नाही. महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा यांना, खटला भरण्याचा आदेश सरकारला द्या, अशी विनंती घेऊन उच्च न्यायालयात जावे लागले. १९९४ साली ती फेटाळली गेली. टीका साऱ्या मुसलमानांवर नसून देशद्रोही मुसलमानांवर आहे, असा त्या लेखांचा अर्थ लावला गेला. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली आपल्या अहवालात जानेवारीतील हिंसाचाराची जबाबदारी शिवसेना व तिच्या नेत्यांवर ठेवली. मग जुलै २००० मध्ये मोठ्या गाजावाजाने बाळ ठाकरे यांना अटक झाली, आणि त्याच दिवशी मुदत उलटून गेली म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रकरण निकालात काढले. शिक्षा तीन वर्षांची, म्हणून खटला भरण्याची मुदतही तीन वर्षांची. आणि खटल्याला सरकारची मंजुरी हवी. ती मंजुरी वर्षानुवर्षे कोणीच दिली नाही.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. पालघरच्या दोन मुलींसाठी पोलिसांना रात्र वैऱ्याची वाटते. ९०० माणसांच्या मरणानंतर मात्र राज्यसंस्थेला सात वर्षे जांभया येतात. हा योगायोग नव्हे. ज्या कायद्याचे शब्द संदिग्ध, त्याची चावी नेहमीच सत्तेच्या खिशात असते. ‘भावना दुखावल्या’ हे दोन चिमटीत पकडता न येणाऱ्या धुक्यासारखे शब्द आहेत. त्या धुक्यात दुबळा सापडतो आणि बलवान निसटतो. आपला समज असा की कलम कडक केले म्हणजे बलवानालाही पकडता येईल. अनुभव असा की कलम जितके कडक तितका दुबळा अधिक घट्ट आवळला जातो. ज्याला पकडायची इच्छाच नाही, त्याला कडक कायद्यानेही पकडता येत नाही.

ॲट्रॉसिटी कायद्याचे काय?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘दुखावणारे बोलणे हा गुन्हा नको म्हणता, तर मग अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदाही नको काय? त्यातही जातिवाचक अपमान हा गुन्हाच आहे.’ हा आक्षेप काही जण प्रामाणिकपणे घेतात; काही जण तो कायदा मोडीत काढण्याच्या सोयीसाठी घेतात. दोघांनाही एकच उत्तर आहे.

१९८९ सालचा हा कायदा भावनांचा कायदा नाही. तो राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाची अंमलबजावणी आहे. अस्पृश्यता नष्ट केली आहे, असे घटनेने सांगितले. ती शब्दांनी पुन्हा प्रस्थापित करणे हा गुन्हा, असे १९५५ च्या आणि नंतर १९८९ च्या कायद्याने ठरवले. पाणवठ्यावर, चावडीवर, शेताच्या बांधावर चार लोकांसमोर जातीचे नाव घेऊन जी शिवी दिली जाते तिच्यात मत नसते, टीका नसते, विनोद नसतो. ‘तुझी जागा गावकुसाबाहेर आहे, तेथे परत जा’ असा तो हुकूम असतो, आणि त्या हुकमामागे जमीन, मजुरी, पाणी, काठी अशी सारी सत्ता उभी असते. तो शब्द हीच कृती असते. म्हणून कायदा तेथे काय तपासतो ते पाहा. बोलणाऱ्याचा उद्देश मानखंडना करण्याचा होता काय, ज्याला बोलले गेले तो विशिष्ट जिवंत माणूस कोण, आणि ती घटना लोकांच्या दृष्टीसमोर घडली काय. त्या माणसाला किती वाईट वाटले, हे मोजण्याची कायद्याला गरजच नाही. एखाद्याने ती शिवी हसत हसत पचवली, तरीही गुन्हा झालेलाच असतो.

याउलट ‘भावना’ कलमाखाली तक्रार करणारा बहुधा त्या प्रसंगी हजरही नसतो. त्याला कोणी काही बोललेले नसते. त्याच्या देवाविषयी, त्याच्या पुढाऱ्याविषयी, त्याच्या इतिहासाविषयी कोणी काही बोलले, एवढीच त्याची तक्रार असते. एका कायद्यात माणसाची प्रतिष्ठा राखली जाते, दुसऱ्यात कल्पनेची. माणसाला रक्त असते. कल्पनेला असते ते फक्त अनुयायी. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे म्हणजे विहिरीवर पाणी नाकारलेला आणि नाटक पाहून चिडलेला, हे दोघे सारखेच पीडित आहेत असे म्हणणे होय. हा भेद आपणच पुसून टाकला तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या शत्रूंना आयते कोलीत मिळेल. ‘तुमच्या भावना आहेत, तशा आमच्याही आहेत’ ही त्यांची घोषणा तयारच आहे.

कसोटी डॉ. लोहियांनी मिळवून दिलेली

मग रेषा कोठे ओढायची? ती शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच चळवळीने ती मिळवलेली आहे. १९५४ साली उत्तर प्रदेशात पाटबंधाऱ्याचे दर वाढवले गेले, तेव्हा फर्रुखाबादच्या शेतकऱ्यांना डॉ. राममनोहर लोहियांनी सांगितले, की वाढीव पट्टी भरू नका. इंग्रजी अमदानीतील १९३२ च्या एका कायद्याखाली त्यांना पकडण्यात आले. सरकारचा युक्तिवाद असा, की आज पट्टी भरू नका म्हणाल, उद्या कायदा मोडा म्हणाल, परवा बंड होईल. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद झुगारला. शब्द आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग यांचे नाते निकटचे असले पाहिजे. दूरान्वयाने, कल्पनेच्या पायऱ्या चढत जोडलेले नाते चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हीच गोष्ट अधिक ठसठशीत केली : दारूगोळ्याच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका तो शब्द धोकादायक असला पाहिजे, आणि निदर्शनांची वा हिंसेची धमकी मिळाली म्हणून अभिव्यक्ती दडपणे ही दंडेलीपुढे शरणागती होय.

ऐकणारा कोण धरायचा, याचेही उत्तर जुनेच आहे. नागपूर उच्च न्यायालयात असताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितले होते, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने जोखावा. प्रत्येक टीकेत संकट पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये खासदार व कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुजरातमधला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा हाती घेतले. न्यायालये अखेर न्याय देतात, हे खरे; पण त्यासाठी कवीला दिल्लीपर्यंत जावे लागते. तालुक्याच्या गावातला शाहीर कोठपर्यंत जाणार?

याच मुळापासून शेजारी कोणते झाड वाढले तेही पाहून ठेवावे. पाकिस्तानला दंड संहिता तीच मिळाली, २९५ अ तेच मिळाले. जनरल झिया यांच्या राजवटीत १९८२ साली त्याला २९५ ब ची आणि १९८६ साली २९५ क ची जोड मिळाली आणि शिक्षा फाशीपर्यंत गेली. आसिया बीबी ही शेतमजूर बाई पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या भांडणापायी २०१० साली फाशीची धनी ठरली आणि २०१८ साली निर्दोष सुटेपर्यंत तुरुंगात राहिली. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ साली त्यांच्याच अंगरक्षकाने ठार केले. पाण्यावरून भांडण, आणि भांडणाची शिक्षा देवाच्या नावाने. महाडच्या वारसांना यात ओळखीचे काही दिसत नाही काय?

आपला वारसा दुखावणाऱ्यांचा आहे

शेवटी हे प्रकरण आपल्या स्वतःच्या ओळखीचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती कोणाच्या भावना कुरवाळण्यासाठी नव्हे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून दहा दिवस उपवास केला, तेव्हा ‘आमच्या धार्मिक भावना दुखावतात’ हीच तर विरोधकांची तक्रार होती. बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र सरकारने १९८७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट वगळा, आमच्या भावना दुखावतात, असा गिल्ला झाला. दलित आणि पुरोगामी जनतेने १९८८ साली मुंबईत विराट मोर्चा काढला तेव्हा कोठे तो मजकूर, सरकार त्याच्याशी सहमत नाही अशा तळटीपेसह, टिकला. महापुरुषांच्या अवमानाचा अजामीनपात्र कायदा त्या वेळी असता तर पहिला आरोपी कोण ठरला असता? ज्यांच्या मानासाठी आपण हा कायदा मागतो, तेच. अंधश्रद्धा निर्मूलनाचा कायदा वर्षानुवर्षे अडवून धरला गेला तो धर्मभावनेच्याच नावाने, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कोठे त्या कायद्याला वाट मिळाली.

तेव्हा पक्षाने आणि सर्व समविचारी संघटनांनी स्पष्ट भूमिका घ्यावी. न्याय संहितेतील २९९ आणि भावना दुखावण्याची तत्सम कलमे रद्द झाली पाहिजेत. १९६ हे कलम आखडून, हिंसेची, बहिष्काराची आणि जन्माधारित भेदभावाची प्रत्यक्ष चिथावणी एवढ्यापुरतेच ठेवले पाहिजे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली संमत केलेला कायदा भावना नव्हे, कृती पाहतो. तो कसा लिहावा याचा धडा तेथे आहे. चिथावणीच्या खटल्याला मंजुरी द्यायची की नाही, हा निर्णय गृहखात्याच्या मर्जीवर न ठेवता ठरावीक मुदतीत, लेखी कारणांसह न्यायिक अधिकाऱ्याने द्यावा. म्हणजे मंत्र्याच्या मित्राला मुदत उलटण्याची वाट पाहता येणार नाही. आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या एका शब्दालाही हात लावू देता कामा नये.

पण कायदेमंडळाकडे ठराव पाठवण्याआधी एक ठराव स्वतःसाठी करावा लागेल. कोणी फुल्यांविषयी गलिच्छ बोलले, तर त्या गावात ‘गुलामगिरी’चे जाहीर वाचन ठेवा. कोणी सावित्रीबाईंची टिंगल केली, तर मुलींच्या शाळेची फी आणि एस.टी.चा पास यांसाठी तहसीलदाराला घेराव घाला. खोट्या इतिहासाला खऱ्या इतिहासाने, विडंबनाला विडंबनाने, सभेला सभेने उत्तर द्या. मात्र कोणी वस्ती जाळा म्हणाले, कोणाचे दुकान बंद पाडा म्हणाले, कोणाला जातीवरून चारचौघांत हिणवले, तर कायद्याचा शेवटचा दरवाजा ठोठावेपर्यंत स्वस्थ बसू नका. पहिल्या प्रकारात पोलिसांची गरज नाही; दुसऱ्या प्रकारात पोलिसांना सुटका नाही. हा फरक ज्या कार्यकर्त्याला कळला, त्याला निवेदनाचा कागद घेऊन कोणत्या दारात जायचे आणि कोणत्या दारात नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.